बगॅस बॉयलरवर गॅस अ‍ॅनालायझर बसवताना: जागा, सील, कॅलिब्रेशन आणि इंटरलॉक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. त्याआधीचे पावसाळ्याचे महिने दुरुस्तीचे. बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेलं उसाचं चिपाड, तेच इथलं इंधन; आणि गॅस अ‍ॅनालायझर म्हणजे त्याच्या धुरातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र. अ‍ॅनालायझरसाठी डक्टला, म्हणजे धुराच्या बंद मार्गाला, भोक पाडणं, नोझल (यंत्र बसवायचा आखूड पाइप) वेल्ड करणं, प्लॅटफॉर्म उभा करणं ही कामं याच काळात उरका. गळीत सुरू झाल्यावर डक्ट थंड करून मिळत नाही आणि गरम डक्टवर घाईनं केलेलं वेल्डिंग पुढं हंगामभर त्रास देतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं निम्मं काम तिच्याचसाठी आहे. फ्लू गॅसचा, म्हणजे धुराचा, डक्ट आयडी फॅनमुळं (धूर ओढणाऱ्या पंख्यामुळं) ऋण दाबाखाली असतो, म्हणजे कुठंही फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते. समजा भट्टीतून ४ टक्के ऑक्सिजनचा वायू निघतोय आणि प्रोबपाशी (डक्टमध्ये घातलेल्या मोजणाऱ्या दांड्यापाशी) पोचेपर्यंत त्या मिश्रणात दहावा हिस्सा गळतीची हवा झाली. पडद्यावर ५.७ टक्के दिसतील. ऑक्सिजन ट्रिम (ऑक्सिजनचा आकडा बघून भट्टीची हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा) ऑटोवर असेल आणि सेटपॉइंट ४ असेल, तर कंट्रोलर हवा कमी करत जाईल. पडद्यावर ४ येईल तेव्हा भट्टीत प्रत्यक्षात २.१ टक्केच उरलेले असतील. गळतीची चूक नेहमी अशी धोक्याच्या बाजूनंच होते: आकडा सुरक्षित दिसतो आणि भट्टी हवेविना धुमसते.

कोणतं यंत्र

बगॅस बॉयलरच्या डक्टवर ऑक्सिजनसाठी थेट डक्टमध्ये बसणारा झिर्कोनिया प्रोब घ्या. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाचा सेल असतो. हीटर त्याला ७०० अंशांच्या पुढं तापवून ठेवतो. एका बाजूला संदर्भ हवा, दुसऱ्या बाजूला फ्लू गॅस, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणे मिलिव्होल्ट तयार होतात. सेल ७३६ अंशांवर चालणारा असेल तर ८ टक्क्यांना साधारण २१ मिलिव्होल्ट आणि २ टक्क्यांना ५१ मिलिव्होल्ट येतात. दोन्ही बाजूंना हवाच असेल तर शून्य. हे आकडे कंट्रोल पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा; डिस्प्ले बिघडला की मल्टिमीटर लावून सेल जिवंत आहे का ते लगेच कळतं.

झिर्कोनिया ओल्या वायूतला ऑक्सिजन मोजतो. पोर्टेबल अ‍ॅनालायझर पाणी काढून टाकून कोरड्यातला मोजतो. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, त्यामुळं फ्लू गॅसमध्ये सुमारे पाव हिस्सा वाफ असते. कोरड्यात ५ टक्के असेल तर ओल्यात ३.७ ते ३.८ दिसणार. दोघांत भांडण लागलं म्हणून प्रोबचं कॅलिब्रेशन ‘जुळवून’ टाकण्याचा प्रकार सर्रास होतो. तो करू नका.

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे आपल्या बोलण्यातला सीओ, वेगळा मोजायलाच हवा. ग्रेटच्या (भट्टीतल्या जाळीच्या) एका बाजूला ओल्या बगॅसचा ढीग साचला आणि दुसऱ्या बाजूनं हवा मोकळी सुटली, तर ऑक्सिजन ५ टक्के दिसत असतानाही सीओ हजारो पीपीएमवर (दहा लाखांत इतके भाग) जातो. सीओसाठी दोन मार्ग: डक्टच्या आरपार प्रकाश टाकून मोजणारं यंत्र, किंवा नमुना ओढून इन्फ्रारेड पद्धतीनं मोजणारं. पहिलं झटपट आकडा देतं, पण राखेनं काचा मळतात म्हणून त्यांना पर्ज हवा (काचा साफ ठेवणारा हवेचा झोत) सतत लागते. दुसरं स्वस्त पडतं, पण त्याची नमुना-व्यवस्था सांभाळायला माणूस लागतो. ज्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात रात्रपाळीला माणूस नसतो, तिथं दुसरं घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रदूषण मंडळाच्या ऑनलाइन देखरेखीसाठी धुराड्यावर बसवलेलं यंत्र ज्वलनाच्या नियंत्रणाला वापरता येत नाही. ते आयडी फॅनच्या पुढं असतं. तिथवर पोचेपर्यंत एअर हीटर (धुराच्या उष्णतेनं ज्वलनाची हवा तापवणारा), धूळ पकडणारी यंत्रणा आणि सगळ्या जोडांतली गळती वायूत मिसळलेली असते.

जागा निवडणं

प्रोब नेहमी एअर हीटरच्या आधी. ट्यूब झिजलेल्या एअर हीटरमधून एफडी फॅनची (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याची) हवा सरळ फ्लू गॅसमध्ये येते, म्हणून त्यानंतरचा आकडा निरुपयोगी. काही बॉयलरांत इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेनं बॉयलरचं पाणी तापवणारा) आधी आणि एअर हीटर नंतर असतो, काहींत उलट. ड्रॉइंग बघूनच ठरवा. वायूचं तापमान प्रोबच्या मर्यादेत हवं, साध्या प्रोबला ही मर्यादा बहुधा ७०० अंश असते. सूट ब्लोअरच्या (ट्यूबवरची राख उडवणाऱ्या) वाफेच्या झोतासमोर, वळणाच्या लगेच पुढं, आणि तपासणीच्या दाराच्या किंवा मॅनहोलच्या पुढच्या बाजूला बसवू नका.

जागा नक्की करण्याआधी शक्य असेल तर चालू हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांतच डक्टची आडवी तपासणी करून ठेवा. २५ मिमीचे तीन सॉकेट आधीच्या बंद काळात लावलेले असले की काम सोपं होतं. भार स्थिर ठेवून प्रत्येक सॉकेटमधून तीन खोलींवर पोर्टेबलनं ऑक्सिजन आणि सीओ मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल तर एका प्रोबवर भागणार नाही. दोन बसवा आणि ट्रिमसाठी कमी दाखवणारा घ्या. सरासरी घेऊ नका, कारण ती उपाशी बाजू लपवते. एकच प्रोब असेल तर त्याचं टोक डक्टच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून मध्यापर्यंत पोचलं पाहिजे. ३ मीटर रुंद डक्टमध्ये आत १ मीटरपेक्षा आखूड प्रोब भिंतीलगतचा मंद वायूच मोजेल.

प्रोबच्या मागं त्याच्या पूर्ण लांबीइतकी आणि वर हातभर मोकळी जागा सोडा. ही गोष्ट ड्रॉइंगवर हमखास राहून जाते. मग प्रोब काढायला कठडा कापावा लागतो.

नोझल आणि फ्लँज

शंभर मिमीचा पाइप, बाहेर इन्सुलेशनच्या पुढं १५० ते २०० मिमी. त्याहून लांब ठेवला तर नोझल थंड पडतो, आत पाणी सुटतं आणि राख चिखल होऊन बसते. नोझलभोवती सिरॅमिक वूल गुंडाळून वर पत्रा मारा. वेल्ड पूर्ण गोलाकार हवं, टाके मारून चालणार नाही. थंड डक्टवर आतून रॉकेल आणि बाहेरून खडू लावून सुईएवढी भोकंही सापडतात. तपासून झालं की रॉकेल पूर्ण पुसून, उडून गेल्यावरच जवळपास पुन्हा वेल्डिंग करा. बॉयलरच्या दाबाखालच्या कोणत्याही भागाला, ट्यूब असो की हेडर, प्रोबचा आधार म्हणूनसुद्धा वेल्ड लावायचं नाही.

फ्लँज (बोल्टनं जोडायची चकती) कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठंही करून मिळेल, पण यंत्रासोबत आलेलं ड्रॉइंग हातात द्या. ४ इंची १५० क्लासच्या अमेरिकन फ्लँजला ८ भोकं असतात आणि बोल्ट सर्कल (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १९०.५ मिमी असतो. १०० मिमीच्या पीएन १६ युरोपीय फ्लँजलाही ८च भोकं, पण बोल्ट सर्कल १८० मिमी. नुसतं ‘चार इंची, आठ भोकी’ सांगितलं की चुकीचा येतो. मग भोकं लांबट करून कसंबसं बसवतात आणि गॅस्केट एका बाजूला दबत नाही. गॅस्केट ग्रॅफाइटचं, नवं, अखंड. तुकडे जोडून नाही. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि बॉयलर गरम झाल्यावर, पहिल्या २४ तासांत एकदा पुन्हा ताण द्या.

बगॅससोबत शेतातली माती आणि वाळू येते. हंगामाच्या सुरुवातीला ओल्या रानातला ऊस येतो तेव्हा जास्तच. ती प्रोब खरवडते. प्रवाहाच्या समोर ५ मिमीच्या उष्णतारोधक स्टेनलेस पट्टीची इंग्रजी व्हीच्या आकाराची ढाल लावा, पण टोकाचा फिल्टर तिच्यामागं पूर्ण झाकला जाणार नाही हे बघा. ढाल प्रवाहाच्या उलट बसवली तर ती राख गोळा करते.

नमुना ओढणारी व्यवस्था

सीओसाठी ही घेतली असेल तर तिथंच सगळी कसोटी आहे. क्रम असा: डक्टमध्ये फिल्टर असलेला तापवलेला प्रोब, तिथून १६० ते १८० अंशांवर तापवलेली लाइन, मग ४ ते ५ अंशांवर पाणी काढणारा चिलर, पाणी बाहेर टाकणारा पेरिस्टाल्टिक पंप, बारीक फिल्टर, नमुना पंप, फ्लोमीटर आणि शेवटी अ‍ॅनालायझर. लाइनमध्ये कुठंही झोळ पडता कामा नये. प्रोबच्या जोडापाशी वीतभर भाग उघडा राहिला तरी तिथं पाणी जमतं, राख चिकटते आणि लाइन चोंदते. इचलकरंजीतल्या ज्या प्रोसेस हाउसचे बॉयलर कोळशावर चालतात, तिथं गंधकामुळं हेच पाणी आम्ल होतं आणि जोड खाऊन टाकतं. बगॅसमध्ये हा त्रास कमी, पण पाण्याचा त्रास जास्त.

लाइन शक्य तितकी आखूड ठेवा. आतला व्यास ४ मिमी आणि लांबी ३० मीटर असेल तर लाइनचं आकारमान पावणेचारशे मिलिलिटर होतं. मिनिटाला १ लिटर ओढलं तर नुसतं पोचायला २० सेकंदांच्या पुढं जातात, अर्धा लिटर ओढलं तर त्याच्या दुप्पट. फिल्टर आणि चिलरचा वेळ त्यात धरलेला नाही. एवढ्या उशिरानं आलेल्या आकड्यावर झटपट ट्रिप (बॉयलर आपोआप बंद पाडणं) ठेवण्यात अर्थ नसतो.

अ‍ॅनालायझरमधून निघालेला वायू खोलीत सोडू नका. त्याची नळी बाहेर, छपराच्या वर, पाऊस शिरणार नाही अशी न्या. अ‍ॅनालायझरची खोली वातानुकूलित आणि बंद असते. पंपाचा एक जोड सुटला तर त्या खोलीत सीओ साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. त्या खोलीत सीओ डिटेक्टर हवाच, आणि त्याचा हूटर दाराबाहेर.

वायरिंग आणि हवा

सेलचे मिलिव्होल्ट आणि थर्मोकपलची केबल शील्ड असलेली, पीळ दिलेली घ्या. शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर त्यातून प्रवाह फिरतो आणि आकडा थरथरतो. आयडी फॅनच्या व्हीएफडीची (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल ज्या ट्रेमध्ये आहे त्यात ही टाकू नका. थर्मोकपलला त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. तांब्याची साधी केबल वापरली तर जंक्शन बॉक्स तापेल तसं सेलचं तापमान चुकीचं वाचलं जातं आणि ऑक्सिजनही चुकतो. ग्लँड (केबल बॉक्समध्ये घेणारे जोड) खालून घ्या आणि केबलला बॉक्सच्या खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जाईल.

संदर्भ हवा इन्स्ट्रुमेंट एअरची, कोरडी आणि तेलविरहित. साधारण मिनिटाला १ लिटर पुरते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. इथल्या पावसाळ्यात २५ अंशांना ९० टक्के दमटपणा असेल तर खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २०.९५ नसतो, सुमारे २०.३ टक्के असतो. म्हणून ‘हवाच तर आहे’ म्हणत खोलीतल्या हवेवर स्पॅन (वरच्या टोकाचं कॅलिब्रेशन) करू नका.

आणखी एक स्थानिक बाब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी. पॅरामॅग्नेटिक (ऑक्सिजनच्या चुंबकीय गुणावर मोजणाऱ्या) आणि इन्फ्रारेड यंत्रांत दाबाची दुरुस्ती नसेल तर मुंबईत कॅलिब्रेट होऊन आलेलं यंत्र इथं तेवढंच कमी दाखवतं. बसवल्यावर जागेवरच कॅलिब्रेट करा.

गळती तपासणी आणि कॅलिब्रेशन

झिर्कोनियासाठी दोन सिलिंडर: नायट्रोजनमध्ये २ टक्के ऑक्सिजन आणि नायट्रोजनमध्ये ८ टक्के ऑक्सिजन, दोन्ही प्रमाणपत्रासह, मुदत पाहून. शुद्ध नायट्रोजन झिर्कोनियाला शून्य म्हणून देऊ नका. हा सेल लॉगरिदमिक आहे, शून्य त्याला वाचताच येत नाही.

प्रोब तापून निदान तासभर स्थिर झाल्यावर मॅन्युअलमधल्या दरानं, बहुधा मिनिटाला २.५ लिटरच्या आसपास, वायू सोडा. ८ टक्क्यांवर स्थिर झाला की दर थोडा खाली आणा. आकडा चढू लागला तर कॅलिब्रेशन लाइनला किंवा प्रोबच्या आतल्या सीलला गळती आहे. ती काढल्याशिवाय कॅलिब्रेशन मान्य करू नका, नाहीतर यंत्र गळतीसकट शिकतं. वायू बंद केल्यावर आकडा मूळ जागी परतायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत तो वेळ वाढत गेला तर फिल्टर चोंदतोय.

नमुना-व्यवस्थेची गळती तपासायला नायट्रोजन थेट प्रोबच्या डोक्यापाशी सोडा, अ‍ॅनालायझरच्या तोंडाशी नाही. त्याच नमुन्यावर ऑक्सिजनही मोजला जात असेल तर तो ०.२ टक्क्यांच्या खाली उतरलाच पाहिजे.

फ्लँजची गळती चालू बॉयलरवर ओळखायची युक्ती सोपी आहे. आयडी डँपर थोडा उघडून ड्राफ्ट वाढवा, आणि त्याच वेळी एफडी कमी-जास्त करू नका. ऑक्सिजनचा आकडा चढला तर गळती आहे. पेटती उदबत्ती फ्लँजच्या कडेनं फिरवा. जिथं धूर आत ओढला जातो तिथं फट आहे. हे बगॅस बॉयलरच्या ऋण दाबाच्या डक्टलाच. गॅस किंवा तेल जाळणाऱ्या बर्नरजवळ पेटतं काहीही नेऊ नका.

पेटवणं आणि हीटरचा धोका

बगॅस बॉयलरला प्रोबचा हीटर पेटवण्याआधीच चालू करा. थंड प्रोबवर ओला धूर आला की सेलवर ओल आणि राख बसते आणि तो पहिल्याच दिवशी खराब होतो.

पीएनजी, एलपीजी किंवा तेलावरच्या बर्नरला नियम उलटा. ७०० अंशांचा सेल म्हणजे डक्टमध्ये ठेवलेला निखारा. ज्योत विझून न जळलेला गॅस डक्टमध्ये आला तर स्फोटाला ठिणगी तोच देईल. तिथं फ्लेम फेल्युअरच्या सिग्नलवर हीटरचा पुरवठा तोडणारा इंटरलॉक हवा, प्रोबला फ्लेम अरेस्टर हवा, आणि बर्नर उत्पादकानं ठरवलेला पूर्ण पर्ज (हवा सोडून उरलेला गॅस हाकलणं) झाल्याशिवाय हीटर परत चालू होता कामा नये. बगॅस बॉयलरला सहायक तेल बर्नर असेल तर हेच लागू.

सेटिंग

बगॅसला ओल्या मापात ४ टक्क्यांच्या आसपास ही सुरुवातीची जागा ठीक आहे. नंतर ऑक्सिजन अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं उतरवत सीओ बघा. सीओ जिथं एकदम उसळतो त्याच्या वर १ टक्का थांबा. ऑक्सिजन २.५ ला अलार्म, २ ला बगॅस फीडर वाढवण्यावर बंदी. ट्रिमला हवा ± १० टक्क्यांपलीकडे हलवू देऊ नका आणि तो संथ ठेवा. बगॅसची ओल मिनिटागणिक बदलते, झपाट्यानं मागं धावणारा ट्रिम झुलत राहतो. सिग्नल ४ मिलिअँपिअरच्या खाली गेला, किंवा कॅलिब्रेशन चालू असेल, तर ट्रिम आपोआप मॅन्युअलवर जाऊन हवेचं प्रमाण ठरलेल्या वरच्या बाजूला थांबलं पाहिजे. शेवटचा आकडा धरून ठेवणं पुरेसं नाही. एकाच अ‍ॅनालायझरवर पूर्ण बॉयलर ट्रिप ठेवू नका. दोन-तीन खोट्या ट्रिपनंतर कोणीतरी बायपास किल्ली फिरवतो आणि ती तशीच राहते.

माणसांसाठीचे सीओ डिटेक्टर वेगळे. सीओ हवेपेक्षा किंचितच हलका, म्हणून श्वासाच्या उंचीवर, जमिनीपासून दीड मीटरवर. फायरिंग फ्लोअर, राख काढण्याची जागा आणि अ‍ॅनालायझर खोली या तीन ठिकाणी तरी. पहिला अलार्म ३५ पीपीएम, दुसरा १०० पीपीएमला आणि तिथं जागा सोडायची. १२०० पीपीएम म्हणजे जिवाला तात्काळ धोका. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, पीएनजीचा छताजवळ.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जिथं अजून क्युपोला (कोकवर बीड वितळवणाऱ्या उभ्या भट्ट्या) चालतात तिथं हिशोबच वेगळा: तिथं सीओ टक्क्यांत असतो, म्हणून पीपीएमचं यंत्र उपयोगाचं नाही, ० ते २५ टक्के रेंज लागते. सीओ हवेत १२.५ टक्क्यांपासून स्फोटक होतो. ब्लास्ट बंद करताना ट्वियरची (भट्टीत हवा सोडणाऱ्या तोंडांची) झाकणं लगेच उघडायची. नाहीतर सीओ विंड बॉक्समध्ये (ट्वियरना हवा पुरवणाऱ्या पेटीत) आणि तिथून ब्लोअरमध्ये उतरतो आणि ब्लोअर पुन्हा सुरू होताना धमाका होतो. विंड बॉक्सजवळही एक डिटेक्टर ठेवा.

बिघाड कसे ओळखायचे

आकडा कायम जास्त आणि डँपर हलवला की आणखी चढतो: फ्लँज, मॅनहोल किंवा नोझलच्या वेल्डची गळती. आकडा कायम जास्त पण ड्राफ्टशी संबंध नाही: संदर्भ हवेची बाजू तपासा, तिथं फ्लू गॅस शिरला तरी सेलला दोन्हींतला फरक कमी भासतो. आकडा कमी आणि सीओ प्रचंड: हे बहुधा खरंच आहे. सेलवरच्या तापल्या प्लॅटिनमवर सीओ जळतो आणि दर १ टक्का सीओमागं अर्धा टक्का ऑक्सिजन खातो. यंत्राला दोष देण्याआधी ग्रेट बघा. आकडा गोठलेला: फिल्टर राखेनं बुजलाय. दर पाळीला ठराविक वेळी आकडा वेडावाकडा होतो: सूट ब्लोअरची वेळ जुळवून पाहा. सेलचा रोध वाढत गेला आणि प्रतिसाद मंदावला तर सेल संपत आलाय. सुटा सेल स्टोअरमध्ये हंगामाआधीच आणून ठेवा, ऐन जानेवारीत तो मिळायला आठवडे लागू शकतात.

चालू बॉयलरवर प्रोब काढायचा असेल तर आधी ट्रिम मॅन्युअलवर, हीटर बंद, ब्लाइंड फ्लँज (नोझलचं तोंड बंद करणारा) आणि गॅस्केट हाताशी. प्रोब सावकाश बाहेर घ्या आणि टोक थंड होईपर्यंत पत्र्यावर ठेवा. गरम सेलवर पाण्याचा थेंब पडला तरी तडा जातो. डक्टमध्ये माणूस उतरणार असेल तर फॅनला कुलूप, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आणि सीओ तपासून मगच. बाहेर दुसरा माणूस उभा.

बॉयलर पाण्यानं धुण्याआधी प्रोब काढून घ्या. हंगाम संपला की फिल्टर हलक्या हवेनं साफ करा, प्रोब कोरड्या पेटीत ठेवा आणि नोझलवर ब्लाइंड फ्लँज लावून त्यावर जुनं गॅस्केट नव्हे, नवंच टाका.